सहलीचा निरोप कुणाकुणापर्यंत पोचतो?

मागच्या एप्रिलमधली गोष्ट आहे. सकाळचे पावणेसात, कॅलिफोर्नियात सॅक्रामेंटोजवळची आमची चार्टर शाळा, पार्किंग लॉटमध्ये अकरा गाड्या उभ्या, पोरं जॅकेटं सावरत इकडून तिकडे पळतायत आणि माझ्या हातात क्लिपबोर्ड. चौथीची फील्ड ट्रिप होती, सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीतल्या एंजल आयलंड बेटावर. मी त्या वर्षी रूम पॅरेंट होते, म्हणजे वर्गातल्या पालकांपैकी जी बाई याद्या करते, मेसेज टाकते, कुठल्या गाडीत कोण बसणार ते ठरवते ती. तेवढ्यात एक पंजाबी आजी नातवाचा हात धरून चालत आल्या. नातवाच्या पाठीला बॅग, आजींच्या हातात फॉइलमध्ये गुंडाळलेले पराठे. यादीत त्याचं नाव नव्हतं. फॉर्म भरलेला नव्हता, परवानगीची सही नव्हती, पैसे आलेले नव्हते आणि अकरा गाड्यांमध्ये एक सीट मोकळी नव्हती. मी आजींना हिंदीत समजावलं. त्या म्हणाल्या, इसने तो घर पे बोला था, आज जाना है. तेवढाच निरोप त्या घरी पोचला होता, पोराने तोंडी सांगितलेला.

पोरगं रडलं वगैरे नाही. त्याने आजींच्या हातातले पराठे घेऊन बॅगेत टाकले आणि शाळेच्या दाराकडे चालायला लागलं, कारण ट्रिपला न जाणाऱ्या मुलांना त्या दिवशी तिसरीच्या वर्गात बसवायचं ठरलं होतं आणि ते त्याला बरोबर ठाऊक होतं. म्हणजे आधीही त्याच्या वाट्याला ते आलं असणार. वर्षभर त्याच वर्गाच्या याद्या मी करत होते आणि ते माझ्या लक्षात आलं नव्हतं.

तेव्हापासून हा विषय डोक्यातून जात नाहीये. माझं म्हणणं असं आहे की पब्लिकच्या पैशावर चालणाऱ्या शाळेची सहल एकतर वर्गातल्या प्रत्येक मुलासाठी असली पाहिजे नाहीतर नसली पाहिजे, आणि सहलीची माहिती ज्या घरातून कोणी काही विचारत नाही त्या घराला डोळ्यांसमोर ठेवून पाठवली पाहिजे. विचारणारी घरं आपोआप पोचतातच.

आता ज्यांना चार्टर शाळा माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. चार्टर म्हणजे सनद. अमेरिकेत मिनेसोटाने १९९१ मध्ये असा पहिला कायदा केला, कॅलिफोर्नियाने १९९२ मध्ये दुसरा. शाळा काढणारी संस्था वेगळी, तिचं बोर्ड वेगळं, शिकवायची पद्धत बरीचशी तिच्या हातात, पण पैसा सरकारचा, फी नाही, आणि ठराविक वर्षांनी, बहुतेक वेळा पाच, स्कूल डिस्ट्रिक्टकडून सनद पुन्हा मंजूर करून घ्यावी लागते. जागांपेक्षा अर्ज जास्त आले तर सगळ्यांसमोर लॉटरी. आज कॅलिफोर्नियात अशा १,२०० च्या वर शाळा आहेत. इथले बरेच मराठी लोकसुद्धा चार्टरला प्रायव्हेट शाळा समजतात, ती अजिबात प्रायव्हेट नाही, आणि माझा पुढचा सगळा मुद्दा त्यावरच उभा आहे.

तर माहिती कशी जाते ते बघा. ट्रिपची तारीख ठरली की शाळेच्या अ‍ॅपवर मेसेज जातो. अ‍ॅपमध्ये भाषांतराची सोय आहे, म्हणून ऑफिसला वाटतं की झालं काम. पण खरी माहिती असते जोडलेल्या फ्लायरमध्ये, तो इमेज म्हणून टाकलेला असतो, आणि इमेजचं भाषांतर ते अ‍ॅप करत नाही. मग एक लिंक परवानगीच्या फॉर्मची, एक लिंक पैशाची, एक लिंक गाडी कोण नेणार त्याच्या शीटची. तीन लिंक, तीन लॉगिन. शीट रात्री आठला उघडलं तर साडेआठपर्यंत भरतं, कारण माझ्यासारख्या आया त्यावेळी फोन हातात घेऊनच बसलेल्या असतात. त्या मुलाची आई वेअरहाउसमध्ये रात्रपाळी करते, वडील ट्रक चालवतात, आठवड्यातले चार दिवस दुसऱ्या राज्यात. रात्री आठला त्या घरात फक्त आजी आणि टीव्ही. ही माहिती मला नंतर आजींकडून कळली, शाळेकडे ती होती का विचारलं तर नव्हती.

आणि पैसे. फ्लायरवर लिहिलेलं होतं, सजेस्टेड डोनेशन ४५ डॉलर. माझ्या मेसेजमध्ये मी लिहिलं होतं की पैसे भरले की जागा पक्की. हे मी लिहिलं होतं, दुसऱ्या कोणी नाही, आणि ते कायद्यात बसत नाही हे मला नंतर वाचल्यावर कळलं. कॅलिफोर्नियाच्या राज्यघटनेत फुकट शाळेची हमी आहे, आणि १९८४ मध्ये राज्याच्या सुप्रीम कोर्टाने हार्टझेल विरुद्ध कॉनेल या खटल्यात सांगून टाकलं की नाटक, संगीत, खेळ यांसारख्या वर्गाबाहेरच्या गोष्टींसाठीसुद्धा पब्लिक शाळेला फी घेता येणार नाही. गरिबांना फी माफ करतो म्हणून बाकीच्यांकडून घेतली तर चालेल, हा युक्तिवादही कोर्टाने मानला नाही. मग २०१२ मध्ये वेगळा कायदा झाला, त्यात चार्टर शाळांचं नाव घेऊन सांगितलंय की शाळेच्या उपक्रमात भाग घ्यायला मुलाकडून फी मागायची नाही. देणगी मागता येते, पण ती खरोखर ऐच्छिक पाहिजे, न देणाऱ्याचं मूल मागे राहता कामा नये. आता ४५ डॉलरचा आकडा, शेजारी पे नाऊचं बटन आणि खाली माझं ते वाक्य, हे वाचणाऱ्या कुठल्या आईला वाटेल की न भरताही चालतं?

हाच हिशोब वेळेचा. २०१७ च्या कायद्याने चार्टर शाळांना पालकांकडून व्हॉलंटियर तासांची सक्ती करता येत नाही. पूर्वी बऱ्याच शाळा वर्षाला अमुक तास द्या म्हणायच्या. सक्ती गेली पण ट्रिप आजही पालकांच्या गाड्यांवर चालते, म्हणजे लायसन्स, इन्शुरन्सची कॉपी, टीबीची तपासणी, आणि बऱ्याच ठिकाणी लाइव्हस्कॅन म्हणजे बोटांचे ठसे. मुलांच्या सुरक्षेसाठी ठसे घेतले पाहिजेत याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण ज्या घरात कुणा एकाचे कागदपत्र पक्के नाहीत ते घर ठसे द्यायला कधी येणार नाही, आणि नुकतीच एच-फोरवर, म्हणजे नवऱ्याच्या व्हिसाच्या जोरावर, आलेली, अजून गाडी न शिकलेली आपली मराठी मुलगीसुद्धा त्या शीटवर नाव टाकू शकणार नाही. बस असती तर यातला एकही प्रश्न आला नसता. ज्यांना सोबत यायचं त्या पालकांचे कागद बघा ना, पण मुलाची सीट त्याच्या आईबापाच्या कागदांवर का अवलंबून?

आता कोणी म्हणेल एका सहलीचं एवढं काय. पोरगं एक दिवस तिसरीत बसलं, बिघडलं काय. मला यावर खरंच सांगायचंय कारण लोक सहलीला मजा समजतात, अभ्यासाच्या वर ठेवलेली चेरी. अर्कान्सामध्ये बेंटनव्हिल नावाचं गाव आहे, तिथे २०११ मध्ये क्रिस्टल ब्रिजेस नावाचं मोठं कलासंग्रहालय उघडलं. शाळांच्या ट्रिपसाठी इतके अर्ज आले की सगळ्यांना घेता येईना, म्हणून संशोधकांनी लॉटरी काढली, काही शाळा आधी, काही नंतर. १२३ शाळा, जवळपास ११,००० मुलं. आणि काही आठवड्यांनी दोन्ही गटांना प्रश्न विचारले. एक चित्र होतं मेपलची साखर बनवणाऱ्या लोकांचं, ते लोक गुलामगिरीच्या विरोधात होते, गुलामांच्या कष्टाची उसाची साखर विकत घ्यायची नाही म्हणून झाडाची साखर काढायचे. ते चित्र बघितलेल्या मुलांपैकी ८८ टक्क्यांना ही गोष्ट आठवत होती, परीक्षा नाही, मार्क नाहीत तरी. चित्राकडे बारकाईने बघून त्याबद्दल विचार मांडण्यातही ट्रिपला गेलेली मुलं पुढे होती, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे हा फायदा खेड्यातल्या आणि गरीब वस्तीतल्या शाळांच्या मुलांना कितीतरी जास्त झाला. म्हणजे ज्या मुलाला सहलीचा सगळ्यात जास्त उपयोग होतो नेमकं तेच मूल आपली पद्धत गाळते. माझ्या मुलीला मी एंजल आयलंड कधीही दाखवू शकते, शनिवारी गाडी काढायची की झालं.

आणखी एक गोष्ट, त्या अभ्यासात बस, जेवण, शाळेत बदली शिक्षक ठेवायचा खर्च सगळं संग्रहालयाने उचललं होतं. म्हणूनच अख्खे वर्ग आले.

आणि त्या दिवशी ते बेट होतं एंजल आयलंड! टिबुरॉनहून फेरीने पंधरा मिनिटांच्या आत पोचतो. १९१० ते १९४० तिथे इमिग्रेशन स्टेशन होतं, पॅसिफिकवरून येणाऱ्या लोकांना आठवडे, महिने अडकवून ठेवायचे, मुख्यतः चिनी, पण जपानी, कोरियन, आणि हिंदुस्थानातून आलेलेसुद्धा, त्यात पंजाबचे बरेच. चिनी लोकांनी बराकीच्या लाकडी भिंतींवर कविता कोरून ठेवल्यात. १९७० मध्ये इमारत पाडायची ठरली होती तेव्हा एका पार्क रेंजरच्या त्या नजरेला पडल्या म्हणून ती वाचली. आमच्या गाइडने मुलांना टॉर्च दिला, तिरका धरा म्हणाली, तिरका धरला की अक्षरं सावलीने वर येतात. रंगाचे थरावर थर चढलेत, सरळ उजेडात काही दिसत नाही. माझी मुलगी बोट न लावता बोट फिरवत होती. मी तिला सांगितलं की पलीकडे दिसतंय ना सॅन फ्रान्सिस्को, तिथून १९१३ मध्ये गदर नावाचा पेपर निघायला लागला, पंजाबी शेतकरी, मजूर आणि विद्यार्थ्यांनी काढलेला, आणि त्या चळवळीत आपल्या तळेगाव ढमढेऱ्याचे विष्णू गणेश पिंगळे होते, त्यांना १९१५ मध्ये लाहोरला फाशी झाली. ती ऐकत होती. पण त्या वर्गात ज्या मुलाच्या घरच्यांना ही भिंत सगळ्यात जवळची, तो त्या वेळी दीडशे किलोमीटरवर तिसरीच्या पोरांबरोबर वर्कशीट भरत होता.

विरोधातला मुद्दा मला माहीत आहे, कारण तो मला आमच्याच शाळेतल्या एका अतिशय कष्टाळू शिक्षिकेने सांगितला. ती म्हणाली, बसला पैसे नाहीत, चार्टर शाळांना स्वतःच्या बसचा ताफा नसतो, भाड्याच्या बसचा एका दिवसाचा खर्च गाड्यांच्या कितीतरी पट, तू सगळ्यांसाठी म्हणशील तर वर्षाच्या सहा ट्रिपऐवजी दोन होतील. हे खरं आहे. मी तरीही दोनच घेईन. सहा ट्रिप होतात म्हणजे नक्की कुणाच्या होतात? ज्यांच्या घरी तसंही जाणं होतं त्यांच्या सहा आणि त्या मुलाची शून्य. दोन सगळ्यांच्या झाल्या तर शिक्षिकेला दुसऱ्या दिवशी वर्गात त्यावर शिकवता येतं, आज ती तेही करू शकत नाही कारण वर्गातल्या काही मुलांनी ते बघितलेलंच नसतं.

पैसा अजिबातच नाही हेही पूर्ण खरं नाही. कॅलिफोर्नियाची २०१३ पासूनची फंडिंगची पद्धत अशी आहे की कमी उत्पन्नाच्या घरातली मुलं, इंग्रजी शिकत असलेली मुलं, फॉस्टर केअरमधली मुलं यांच्यासाठी शाळेला जास्तीचे पैसे मिळतात, चार्टरलाही, आणि ते कसे वापरणार याचा प्लॅन दरवर्षी पालकांसमोर ठेवून बोर्डात मंजूर करावा लागतो. त्या प्लॅनमध्ये सॉफ्टवेअरची लायसन्सं असतात, कन्सल्टंट असतात. एक ओळ बसची का नसावी? २०२२-२३ पासून राज्यातल्या प्रत्येक पब्लिक शाळेत, चार्टर धरून, प्रत्येक मुलाला सकाळ-दुपारचं जेवण फुकट आहे. आधी फॉर्म भरा, उत्पन्न दाखवा, मग वेगळी रांग, हे सगळं होतं. आता कोणी विचारत नाही, मूल ट्रे घेऊन रांगेत उभं राहतं. सहलीचं असंच व्हायला हवं असं मी म्हणतेय.

याच्या अगदी दुसऱ्या टोकाचंही बोलते, कारण चार्टरचा एक प्रकार असा आहे की मुलं घरीच शिकतात, शिक्षिका साधारण महिन्यातून एकदा भेटते आणि क्लासेस, साहित्य, ट्रिप यांसाठी काही शाळा प्रत्येक मुलामागे ठराविक रक्कम बाजूला ठेवतात. २०१९ मध्ये सॅन दिएगोच्या वर्तमानपत्रात आलं होतं की अशा पैशातून डिझ्नीलँडची तिकिटंसुद्धा घेता येत होती. त्याच वर्षी सॅन दिएगोच्या डिस्ट्रिक्ट अ‍ॅटर्नीने, म्हणजे सरकारी वकिलाने, ए-थ्री नावाच्या ऑनलाइन चार्टरच्या जाळ्याविरुद्ध ११ लोकांवर आरोप ठेवले, न शिकणाऱ्या मुलांच्या नावावर राज्याचे कोट्यवधी डॉलर काढल्याचे. ते प्रकरण वेगळं, होमस्कूल करणारी बहुतेक घरं प्रामाणिक आहेत आणि त्यांच्यातल्या कितीतरी आया पोरांना घेऊन कोलोमाला नदीत सोनं चाळायला, मॉन्टेरेला मत्स्यालय बघायला मनापासून जातात. पण तिथेही प्रश्न तोच. कोणत्या गोष्टीला पैसे मिळतात, कुणाकडे मागायचे, कधीपर्यंत मागायचे, हे ज्याला माहीत त्याचं मूल फिरतं. ज्याला माहीत नाही त्याच्या नावाचे पैसे तसेच पडून राहतात.

यात आपण मराठी लोक कुठे आहोत ते पण बोलायला पाहिजे, कारण आपण माहितीवाल्या बाजूला आहोत. कुठल्या चार्टरची लॉटरी कधी उघडतेय, भावंडांना प्राधान्य मिळतं का, वेटलिस्टवर ४० नंबर असेल तर चान्स आहे का, हे आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर शाळेच्या वेबसाइटच्या आधी येतं. चौथीच्या मुलाला नॅशनल पार्कचा वर्षाचा पास फुकट मिळतो, पूर्ण गाडीसकट, हे मला मंडळाच्या संक्रांतीच्या कार्यक्रमात तिळगूळ घेता घेता कळलं. यात चूक काहीच नाही, एकमेकांना सांगायलाच हवं. पण लॉटरी सगळ्यांना उघडी आहे असं म्हणताना लॉटरी आहे हे कुणाला कळलं, हा प्रश्न सोडून देता येत नाही. महाराष्ट्रात आरटीईच्या २५ टक्के जागांची लॉटरी लागते, पोरगं मोठ्या इंग्रजी शाळेत जातं, आणि मग सहल आली, गॅदरिंगचा ड्रेस आला, अ‍ॅक्टिव्हिटी फी आली की त्याचे आईवडील गप्प होतात. प्रवेश मिळाला म्हणजे शाळा मिळाली असं होत नाही, तिकडेही आणि इकडेही.

माझी शाळा कराडकडची. सहल म्हणजे प्रासंगिक करारावर घेतलेली लाल एसटी, पहाटे पाचला ग्राउंडवर, प्रतापगड आणि महाबळेश्वर. आमच्या वर्गात एक मुलगी होती, ती प्रत्येक सहलीच्या आदल्या दिवशी आजारी पडायची. आम्हाला वाटायचं हिला गाडी लागते म्हणून घाबरते. आठवीत आमच्या बाईंनी तिची वर्गणी न सांगता भरली आणि तिच्या घरी स्वतः जाऊन सही आणली, तेव्हा ती आली आणि अख्ख्या घाटात खिडकीतून डोकं बाहेर काढून गात होती. गाडी तिला कधीच लागत नव्हती. बाईंनी त्याबद्दल वर्गात कधी एक शब्द काढला नाही, मला हे पंधरा वर्षांनी कळलं.

घरी जाऊन सही आणणं हे मी विसरले होते. अ‍ॅप आहे म्हणून विसरले.

म्हणून यावर्षी मी काय केलं ते सांगते. वर्गातल्या ज्या सात घरांनी मागच्या वर्षी एकही लिंक उघडली नव्हती त्यांची यादी शिक्षिकेने बघितली, नावं माझ्याकडे दिली नाहीत, ते बरोबरच आहे, पण परवानगीचा कागद एका पानाचा छापला, इंग्रजी, स्पॅनिश, पंजाबी आणि दारी भाषेत, आमच्याकडे अफगाण घरं बरीच आहेत. भाषांतर पालकांनीच केलं, मोबाइलने नाही. कागदावर सगळ्यात वर एकच ओळ ठेवली, तुमच्या मुलाची जागा ठेवलेली आहे, पैसे लागणार नाहीत, फक्त सही हवी. कागद मुलाच्या हातात, आणि सुटायच्या वेळी गेटवर दोन दिवस आम्ही तिघीजणी पेन घेऊन उभ्या. सात घरांपैकी सहा सह्या गेटवरच झाल्या, बहुतेक आजी-आजोबांनी फोन लावून दिला आणि पालक दुसऱ्या दिवशी सही करून गेले. सातव्या घराने नको सांगितलं, तो त्यांचा निर्णय, पण निदान त्यांना विचारलं तरी गेलं.

गाड्यांचं मात्र अजून सुटलेलं नाही. बोर्डाची मीटिंग पुढच्या मंगळवारी आहे. चार्टर शाळांच्या बोर्डांना २०१९ च्या कायद्यापासून बाकीच्या सरकारी संस्थांसारखीच उघडी मीटिंग घ्यावी लागते, अजेंडा आधी लावावा लागतो आणि कोणीही पालक उठून बोलू शकतो. मी बसच्या ओळीबद्दल बोलणार आहे. दोन मिनिटं मिळतात. त्या मुलाच्या आजींना मी येता का विचारलं, त्या म्हणाल्या मला इंग्रजी येत नाही. मी म्हटलं तुम्ही पंजाबीत बोला, मी शेजारी उभी राहून सांगते. त्यांनी विचारलं, मीटिंग किती वाजता, आणि तिथपर्यंत चालत किती वेळ लागतो.